वर्गात तेच सहा हात वर येतात, बाकीच्यांचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: चौथीचा वर्ग, ४२ मुलं. काहीही विचारलं की तीच सहा मुलं हात वर करतात. बाकीच्यांना उठवलं तर एका शब्दात उत्तर देऊन खाली बसतात. ऐकण्याची तीच गत, एकेक सूचना तीन-तीनदा द्यावी लागते. मुख्याध्यापकांचं म्हणणं, वेळापत्रकात वक्तृत्वाचा एक तास टाकू. त्याने फरक पडेल का? आणि नसेल पडत, तर काय करावं?

फरक पडेल, पण त्या सहा जणांना. उरलेल्या छत्तिसांसाठी तो आठवड्यातून एकदा गप्प बसण्याचा आणखी एक तास होईल.

मी सव्वीस वर्षं प्राथमिकचे वर्ग घेतले. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं माझा वर्ग अगदी तुमच्यासारखाच होता आणि दोष मुलांचा आहे अशी माझी खात्री होती. मग एका प्रशिक्षणात गृहपाठ मिळाला: स्वतःचा एक तास टेप करा आणि घरी ऐका. ऐकताना घाम फुटला. पस्तीस मिनिटं मी एकटीच बोलत होते. मुलांच्या वाट्याला 'हो बाई', 'नदी', 'सात', 'उत्तर दिशा' एवढंच. तासभरात एका मुलाने उच्चारलेलं सगळ्यांत लांब वाक्य होतं, "बाई, हा मला सारखा ढकलतोय आणि माझी वही पण घेतली."

त्या वाक्यावर मी पुढे बरीच वर्षं विचार करत राहिले. पूर्ण वाक्य, उभयान्वयी अव्यय, सगळं जागच्या जागी. कारण अख्ख्या तासात मला माहीत नसलेली गोष्ट सांगणारं तेवढं एकच वाक्य होतं. बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला आधीच ठाऊक होती, आणि मला ती ठाऊक आहेत हे मुलांना ठाऊक होतं. अशा ठिकाणी कोण कशाला मनापासून बोलेल? समोरच्याला खरंच काहीतरी कळून घ्यायचंय असं वाटलं की मूल बोलतं. खाली जे काही सांगतेय ते सगळं याच एका गोष्टीचे वेगवेगळे मार्ग आहेत.

शिक्षकाचा प्रश्न, मुलाचं उत्तर, शिक्षकाचं 'शाब्बास' किंवा 'चूक'. सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या ब्रिटिश भाषाभ्यासकांनी १९७५ मध्येच वर्गातल्या बोलण्याची ही तीन पायऱ्यांची चाल मांडून ठेवली आहे. उजळणीला ती ठीक आहे. पण दिवसभर हीच चाल चालली तर मुलाच्या वाट्याला मधली, सर्वांत छोटी पायरी येते, आणि तिच्यावर उभं राहून दोन वाक्यंही बोलता येत नाहीत.

म्हणून पहिलं काम मुलांचं नाही, आपलं. प्रश्न विचारल्यावर थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाचे तास तपासले, तेव्हा असं दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात, प्रश्न बदलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. करून बघा. पहिल्या दिवशी ते तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात. मी पाठीमागे हात धरून बोटं मोजायचे, नाहीतर तोंड आपोआप उघडायचं. आणि त्या काळात हात वर करायचे नाहीत, असा नियम ठेवा. सहा हात वर दिसले की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो; आता आपली गरज नाही हे त्यांना कळतं.

रोबाईंनी आणखी एक थांबणं सांगितलं होतं, ते फार कमी जण पाळतात. मुलाचं उत्तर संपल्यावरही थांबायचं. मूल 'कारण तो घाबरला' एवढं म्हणून थांबतं, आपण लगेच 'बरोबर!' म्हणतो आणि त्याचं पुढचं वाक्य गिळून टाकतो. नुसतं त्याच्याकडे बघत राहा, चेहऱ्यावर 'मग?' असू द्या. बहुतेक वेळा 'म्हणजे, त्याला वाटलं की...' असं सुरू होतं. खरं बोलणं तिथून पुढे असतं.

आणि कृपा करून मुलाचं उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणणं सोडा. ही सवय आपल्या सगळ्यांना असते. मागच्या बाकावर ऐकू गेलं नसेल म्हणून आपण म्हणतो. पण त्यातून मुलं एक पक्का धडा शिकतात: वर्गमित्राचं ऐकायची गरज नाही, महत्त्वाचं असेल तर बाई मोठ्याने सांगतीलच. बोलणारंही मग बाईंच्याच कानापुरतं पुटपुटतं. मी हे बंद केलं तेव्हा आठवडाभर वर्गात 'काय? ऐकू नाही आलं' हा घोष चालला. मी म्हणायचे, "मला नको सांगूस, तिला सांग." दुसऱ्या आठवड्यात आवाज वाढले. 'जरा मोठ्याने बोल' हे मी वर्षानुवर्षं सांगत होते, त्याने काही झालं नव्हतं.

आता ४२ मुलांचा हिशेब. पस्तीस मिनिटांचा तास, तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत आणि एकेकाने पाळीपाळीने बोलायचं ठरवलं, तरी प्रत्येकाला ५० सेकंद मिळतात. म्हणजे एका वेळी एक हा मार्गच चुकीचा. जोड्या लावा. एकट्याने विचार, शेजाऱ्याशी बोलणं, मग सगळ्यांसमोर, ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली आणि ती आता जगभर चालते. दोन मिनिटांत प्रत्येक मूल मिनिटभर बोलतं, आणि तेही समोर एकच श्रोता असताना, त्यामुळे भीड नाही. मात्र त्यात मी एक बदल केला, आणि माझ्या मते सगळा जीव त्यातच आहे: शेवटी उभं राहून स्वतःचं सांगायचं नाही, जोडीदाराने काय सांगितलं ते सांगायचं. 'ती म्हणते की...' अशी सुरुवात. जोडीदाराला वाटलं की आपलं नीट पोचलं नाही, तर त्याने दुरुस्त करायचं. ऐकलं नाही तर बोलता येत नाही, इतकं साधं. शिवाय बुजऱ्या मुलाला दुसऱ्याचं मत सांगणं सोपं जातं. चुकलं तर ते त्याचं थोडंच असतं!

गलका होईल. शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. शांत व्हायची एक खूण आधी ठरवून तिचा सराव करून घ्या: तुम्ही हात वर केला की ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. ओरडून गलका थांबवायला गेलात तर घसा तुमचा जाईल.

एक खेळ सविस्तर सांगते, कारण बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकाच वेळी तपासणारं याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात साधं चित्र: चौकोन, त्यावर त्रिकोण, बाजूला झाड, झाडाच्या डावीकडे दोन वर्तुळं. त्याने सांगायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. पहिल्या फेरीत फजिती ठरलेली. 'इथे एक असं काढ.' 'असं म्हणजे कसं?' 'अरे, असं!' आणि हवेत बोट फिरतं, जे पाठीला दिसत नाही. तुम्ही मध्ये पडू नका. चित्रं शेजारी ठेवून पाहू द्या, हसू द्या. मग एकच प्रश्न विचारा: गडबड कुठल्या वाक्याला झाली? सांगणाऱ्याचं चुकलं की ऐकणाऱ्याचं? त्या वादावादीत मुलं भाषेबद्दल जे बोलतात ते व्याकरणाच्या तासाला कधीच ऐकायला मिळत नाही. एकदा एक मुलगी म्हणाली, "तू 'बाजूला' म्हणालास, पण बाजू दोन असतात."

दुसऱ्या फेरीला 'वरच्या डाव्या कोपऱ्यात', 'साधारण अर्ध्या उंचीचं', 'एकमेकांना चिकटून' असे शब्द आपोआप येतात, कारण आता त्यांची गरज पडलेली असते. दुसऱ्या फेरीपासून ऐकणाऱ्याला तीन प्रश्न विचारायची मुभा द्या. 'किती मोठं?', 'कशाच्या वर?' असे नेमके प्रश्न विचारता येणं हेच ऐकण्याचं कौशल्य आहे. आपल्याकडे ऐकणारा म्हणजे मख्ख बसलेला, अशी समजूत असते. चांगला ऐकणारा अडवतो, 'थांब, हे कळलं नाही' म्हणतो. ज्या मुलाला हे वाक्य निःसंकोच म्हणता येतं त्याची मला पुढच्या इयत्तांत काळजी वाटत नाही.

आता तीन-तीनदा सूचना देण्याबद्दल. आधी मराठीची एक गंमत. 'पोरगं ऐकत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानांबद्दल बोलत नसतो, ते सांगितलेलं करत नाही असं म्हणत असतो. ऐकणं आणि मुकाट्याने मानणं हे एकाच शब्दात बसल्यामुळे वर्गातही आपण हाताची घडी, तोंडावर बोट दिसलं की ऐकणं चालू आहे असं धरतो. तोंडावर बोट ठेवलेलं मूल मनाने मैदानात असू शकतं, आणि पेन्सिलीशी चाळा करणारं सगळं टिपत असतं. ऐकलं की नाही हे ऐकलेल्याचं पुढे काय केलं यावरूनच कळतं.

मुलं तिसऱ्यांदा ऐकतात, कारण तिसऱ्यांदा सांगितलं जाणार हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. पण उद्यापासून एकदम 'एकदाच सांगेन' असा बाणा घेऊ नका, आधी सूचना तपासा. 'वह्या काढा, समास आखा, तारीख टाका, पान बत्तीसवरचा तिसरा प्रश्न लिहा आणि झालं की पुस्तक मिटून ठेवा.' यात पाच कामं आहेत. मोठ्या माणसाच्या डोक्यातही नवी माहिती एका वेळी चारेक तुकड्यांपुरतीच मावते असं नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये अनेक प्रयोग तपासून मांडलं. नऊ वर्षांच्या मुलाकडून पाचाची अपेक्षा कशी करायची? दोन कामं सांगा, थांबा, ती होऊ द्या. मग एखाद्याला विचारा, 'आता काय करायचंय, तुझ्या शब्दांत सांग.' बोलायला लागण्याआधी तीन सेकंद शांत उभं राहा. हे जमलं की मग एकदाच सांगायचं. ज्याला कळलं नाही त्याने शेजाऱ्याला विचारायचं, तुम्हाला नाही.

रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा, चौथीलाही. 'आता ती स्वतः वाचतात की' असा आक्षेप येतो. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचन समजण्याचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. ऐकून समजण्याची बाजू दुबळी असेल तर घडाघडा वाचणाऱ्या मुलालाही वाचलेलं कळत नाही. अशी मुलं तुमच्या वर्गात आत्ताही असतील. फक्त वाचण्याआधी कानाला काम द्या. 'गोष्टीत कोण खोटं बोलतं ते शोधा' एवढं सांगितलं तरी पुरतं. गोष्ट संपल्यावर 'मग काय शिकलो?' हे मात्र विचारू नका. मुलं तात्पर्य आधीच पाठ करून बसलेली असतात.

कधीतरी हेही करून बघा: पाच-सहा वाक्यांचा मजकूर नेहमीच्या वेगाने दोनदा वाचा. मुलांनी फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे आणि मग जोडीने आपल्या भाषेत तो पुन्हा उभा करायचा. हा शुद्धलेखनाचा श्रुतलेख नव्हे. इथे शब्द बदलले तरी चालतात, अर्थ बदलून चालत नाही.

चुका दुरुस्त करण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मूल काही सांगत असताना मध्येच 'गेल्तो नाही, गेलो होतो म्हण' असं म्हटलं की ते दोन गोष्टी ऐकतं: माझं सांगणं महत्त्वाचं नाही, आणि माझ्या घरची भाषा चुकीची आहे. पुढच्या वेळी ते एका शब्दात उत्तर देतं, कारण एका शब्दात चुका कमी होतात. तुमच्या छत्तिसांपैकी किती जण अशा कारणाने गप्प असतील, मोजून पाहा. बोलून होऊ द्या. मग तुम्ही स्वतः बोलताना तो प्रयोग योग्य रूपात सहज वापरा: 'अच्छा, तू गेला होतास, मग?' यात एक मर्यादा आहे. लिस्टर आणि रांटा यांच्या १९९७ च्या अभ्यासात दिसलं होतं की दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलांच्या लक्षात अशी आडून केलेली दुरुस्ती पुष्कळदा येतच नाही. म्हणून वारंवार दिसणाऱ्या चुका वहीत टिपून ठेवा आणि आठवड्यातून एकदा, कुणाचं नाव न घेता, सगळ्या वर्गाबरोबर त्यावर काम करा.

प्रमाण भाषा शिकवायचीच, पण घरच्या बोलीला खोडून नाही, शेजारी ठेवून. एकच घटना तीनदा सांगायला लावा: मित्राला, मुख्याध्यापकांना, आणि फोनवर अशा माणसाला ज्याने काहीच पाहिलेलं नाही. काय बदललं यावर चर्चा करा. मुलांना हे भेद आपल्याला वाटतात त्यापेक्षा कितीतरी चांगले कळतात.

गप्प मुलांबद्दल एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक गप्प मूल बुजरं नसतं, आणि बुजरं असणं हा दोषही नाही. पण काही गप्पपणामागे वेगळं कारण असतं. मूल कधी नीट ऐकतं, कधी हाक मारूनही बघत नाही, सर्दीनंतर हे वाढतं, असं दिसलं तर पालकांना श्रवणचाचणी करून घ्यायला सांगा. कानाच्या पडद्यामागे द्रव साठून ऐकणं कमी-जास्त होणं लहान मुलांत सर्रास आढळतं आणि वर्गात त्याला बेपर्वाई हे नाव पडतं. माझ्याकडून असं एका मुलाच्या बाबतीत वर्षभर झालं. त्याला मी कोपऱ्यातही उभं केलं होतं. अजून आठवतं.

चांगल्या कानांनाही वर्ग त्रास देतो. अमेरिकेच्या २००२ च्या मानकात रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा असं धरलं आहे; खडखडणारा पंखा आणि उघड्या भिंतींवरून घुमणारा आवाज असेल तर आपला वर्ग त्याच्या जवळपासही नसतो. मोठ्या माणसाला सुटलेला शब्द संदर्भाने भरून काढता येतो, मुलाला तो संदर्भ अजून शिकायचाच असतो. पंखा दुरुस्त करून घ्या, भिंतींवर कापडी फलक लावा, दार लोटून घ्या.

अडखळत बोलणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, 'सावकाश बोल, श्वास घे' असंही म्हणायचं नाही. आपला स्वतःचा वेग कमी करायचा आणि त्याच्याकडे नेहमीसारखं बघत ऐकायचं. घरी भरभरून बोलणारं पण शाळेत महिनोन् महिने एक शब्दही न उच्चारणारं मूल हट्टी नसतं. तो सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतो, त्याच्या मुळाशी तीव्र चिंता असते. अशा मुलाला बक्षिसाचं आमिष किंवा सगळ्यांसमोर आग्रह, दोन्ही नको. या दोन्ही बाबतींत पालकांना तज्ज्ञांकडे पाठवा, थांबून पाहू नका.

वक्तृत्व स्पर्धांना माझा विरोध नाही. पण 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' इथून सुरू होणारं, पालकांनी लिहिलेलं आणि हातवाऱ्यांसकट पाठ केलेलं भाषण ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे. मुख्याध्यापकांना तास हवाच असेल तर असं सुचवा: रोज दोन मुलं, प्रत्येकी एक मिनिट, हातात घरून आणलेली कुठलीही एक वस्तू, कागद नाही. नंतर वर्गाने दोन प्रश्न विचारायचे. शाबासकी द्यायची ती चांगल्या प्रश्नाला.

नोंद ठेवायची तर रोज फक्त तीन मुलांकडे कान द्या. चौदा दिवसांत ४२ होतात. 'चांगला/बरा' असे शेरे नकोत. जे घडलं ते लिहा: 'आज पहिल्यांदा कारण सांगितलं', 'मित्राचं मत खोडताना आधी त्याचं मत सांगितलं', 'म्हणजे काय, असं विचारलं'. पालकसभेला हीच वही वाचून दाखवा. 'आज शाळेत काय केलं?' या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर मिळतं, अशी त्यांची तक्रार असतेच. त्यांना सांगा, आधी स्वतःच्या दिवसातली एखादी फजिती सांगा, हातातला फोन बाजूला ठेवून.

राहता राहिले ते सहा जण. त्यांना बोलायला शिकवायची गरज नाही, ऐकायला शिकवायची फार आहे. चर्चेच्या वेळी प्रत्येक मुलाला तीन खडे द्या. एकदा बोललं की एक खडा मध्ये टाकायचा. संपले की बोलणं संपलं. दुसऱ्याला प्रश्न विचारायला मात्र खडा लागत नाही. माझ्या वर्गातल्या हुशार मंडळींना ही पळवाट दुसऱ्याच दिवशी सापडली आणि 'तुला असं नाही का वाटत की...' म्हणत प्रश्नांच्या आडून लांबलचक भाषणं सुरू झाली. मग नियम घातला, प्रश्न आठ शब्दांत. त्यावर त्यांनी आठ-आठ शब्दांचे प्रश्न बोटांवर मोजत तयार करायला सुरुवात केली, आणि तेवढ्या वेळात बाकीची बोलायला लागली.